गुणवंतमामाच्या डब्याचे पाटे

परवा वर्ध्याच्या बाहेर एका पेट्रोल पंपावर एक फिरतं घर उभं होतं. मोठ्या गाडीच्या मागे जोडलेलं, पांढरंशुभ्र, अंगावर बर्फाचे डोंगर रंगवलेलं. मालक अर्ध्या चड्डीत चाकात हवा भरून घेत होता आणि त्याची बायको फोन तोंडासमोर धरून जगाला सांगत होती, की आम्ही आता घरासकट निघालो आहोत. पंपावरचे लोक खिडकीतून आतला पलंग, ओटा, पडदे बघत होते. मी मात्र कंबरेवर हात ठेवून वाकलो आणि त्या घराच्या पोटाखाली डोकावलो.

"काही पडलं का काका तुमचं?" मालकानं विचारलं.

"नाही, पाटे पाहतो आहे."

त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की आपल्या गाडीला पाटे असतात ही बातमी त्याला नवीन होती. मी सरळ व्हायला गेलो तर गुडघे असे वाजले, की त्यानं मलाच हवा भरायला पाइप पुढे केला असता. मला गाड्यांमधलं काही कळतं असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. स्कूटर बंद पडली तर मी आधी इकडेतिकडे कोणी ओळखीचं बघत नाही ना ते पाहतो आणि मग ढकलत निघतो. ही वाकायची खोड माझी नाही. ती आमच्या घराण्यात गुणवंतमामाकडून आली.

पाटे म्हणजे काय, हे त्या पंपावरच्या मालकासारख्यांसाठी सांगून टाकतो. ट्रक, ट्रॉली असल्या गाड्यांच्या चाकाजवळ वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची एक चळत असते. सगळ्यात लांब पट्टी वर, तिला मेन पाटा म्हणतात, तिच्याखाली जरा आखूड, तिच्याखाली अजून आखूड. खड्डा आला की चळत दबते, मग उसळते आणि वर बसलेल्याचे दात जागेवर राहतात. एवढंच काम. पण मामाच्या लेखी माणसाची अक्कल, दानत, घरची शिस्त, सगळं त्या चळतीत दिसायचं.

"वरून त कोनीबी चांगलाच दिसते," मामा म्हणायचा. "खालून पाह्य."

आणि खालून पाहिल्यावर त्याच्या तोंडून एकच शब्द यायचा, "हॅट्!" हा शब्द तो तोंडानं म्हणायचा नाहीच. नाकातून सुरू व्हायचा आणि मिशीवर आपटून बाहेर पडायचा.

मामा पुलगावजवळचा. भाजीपाल्याची शेती. वांगी, पालक, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर. माणूस काटक, उंच, खांद्यावर कायम दुपट्टा. हातपाय मातीत असले तरी नाक आभाळात. शेजाऱ्याची वांगी, नागपूरचा चहा, जावयाची नोकरी, पावसाचा अंदाज सांगणारी टीव्हीवरची बाई, यातलं काहीही त्याच्या पसंतीला उतरलं नाही. मी विमा कंपनीत कारकून, त्यामुळे माझ्यावर तर त्याचा खास लोभ होता. "सुध्या, तू एवढा शिकला, पन कायले?" असं तो मला दर भेटीत विचारायचा आणि उत्तराची वाट बघायचा. मला अजून सुचलेलं नाही.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात वरात आली. व्याही बसमधून उतरले, हार तयार, बँडवाले फुगलेले. घरातला वडीलधारा म्हणून मामानं पुढे होऊन व्याह्यांना मिठी मारायची. मामा पुढे झाला तो थेट बसच्या मागच्या चाकाशी. दुपट्टा जमिनीवर अंथरला, त्यावर पाठ टेकवली आणि सरकत सरकत बसखाली गेला. बाहेर फक्त पाय. व्याही हार घालून घ्यायला मान वाकवून उभे. बँडवाल्यांनी हवा सोडून दिली. थोड्या वेळानं मामा बाहेर आला, दुपट्टा झटकला आणि व्याह्यांना म्हणाला, "रामराम. पोरगी देतो आमी, पन या गाडीत नाई. मेन पाटा गेलेला हाये. हे वरात घरी पोचत नाई."

पुढचा तासभर काय झालं ते मी सांगत नाही, कारण मी मांडवामागे जिलेबीच्या परातीवर लक्ष ठेवून होतो. शेवटी मावशीनं हात जोडले, व्याह्यांनी मोठं मन केलं आणि पोरगी त्याच बसमधून गेली. बस सुखरूप पोचली. ती बस पुढे कितीतरी वर्षं त्या रस्त्यावर धावत होती. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग? नशिबानं चालून राह्यली. पाट्यानं नाई."

मामाचं निदान असं. बहुतेक वेळा चुकायचं. पण चुकल्यावर मामाचा स्वतःवरचा विश्वास दुप्पट व्हायचा, हे मी त्याच्यापासून शिकायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही.

या सगळ्याला पुरून उरली ती विमलमामी. बुटकी, गोल, डोळे बारीक, बोलणं त्याहून बारीक. मामा बाहेर जेवढा तुच्छतेनं बोलायचा, तेवढी तुच्छता ती घरी त्याला व्याजासकट परत करायची. तो अंगणात गाडीखाली निजलेला असला, की ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "सुधीर, बाबू, पाह्य बरं, तुह्या मामाचे पाय दिसून राह्यले का? दिसत असन त जेवाले वाढते."

मग मामीची कंबर गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं. नंतर ती घरात काठी धरून फिरायची, पण गाडीत बसून जायची डॉक्टरांनी मनाई केली. आडवं पडून जायचं आणि धक्का बसू द्यायचा नाही, अशी अट. मामीचं माहेर आष्टीच्या पलीकडलं. तिथे तिचा एकच भाऊ, केशवदादा, तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, आईबाप लवकर गेल्यावर यानंच तिला वाढवलेलं. तोही आता थकला होता, दिसायला कमी झालं होतं, घराबाहेर पडत नव्हता. भाऊबीजेला तो येऊ शकेना आणि ही जाऊ शकेना. एक भाऊबीज गेली, दुसरी गेली. मामी तिकडच्या भिंतीकडे तोंड करून ताट ओवाळायची आणि मग दिवसभर मामाशी भांडायची.

कोणीतरी म्हणालं, ॲम्ब्युलन्स करा.

"मेल्यासारखी जाऊ का माहेरी?" मामी म्हणाली. "दारात ते गाडी पाहूनच दादाचा जीव जाईन."

तेव्हा मामानं डब्बा आणला. मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा ठेकेदाराचे साहेब त्यात राहायचे. चाकांवरची पत्र्याची खोली, आत एक पलंग, एक खिडकी, एक पंखा. काम संपलं, साहेब गेले आणि डब्बा बाभळीखाली पडून होता. मामानं तो उचलला, आपल्या जीपच्या मागे जोडला आणि गावातून मिरवत आणला. आता मामी पलंगावर निजून माहेरी जाणार होती. विचार उत्तम होता. मामाच्या डोक्यातून आला असल्यामुळे आम्ही सगळे सावध झालो होतो.

आणि झालंच तसं. आमच्याकडे ट्रॉलीवाल्यांत एक चाल आहे. पारावर बसून एकमेकांच्या ट्रॉलीचे पाटे मोजायचे. ज्याला पाटे जास्त, त्याची मिशी वर. ऊस नाही, दगड नाही, वाहून न्यायचा कोथिंबिरीचा भारा, पण पाटे ट्रकचे. मामानं आयुष्यभर याच पारावर इतरांना हॅट् केलेलं. आता त्याच्या डब्याखाली कोणीतरी वाकून बघणार आणि साध्या पाट्यांवर बोट ठेवणार, हे त्याला कसं चालावं? तो डब्बा घेऊन पाट्याच्या दुकानात गेला. मीही सोबत होतो, कारण मामाला तुच्छतेनं बोलायला एक माणूस लागायचा.

दुकानदार होता रज्जाक. गोड माणूस. जगात कोणालाही नाही म्हणायचं नाही, हे त्याचं धंद्याचं तत्त्व.

"यात का टाकाचं हाये मामाजी? कांदे?"

"बायको," मामा म्हणाला.

रज्जाकनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"वजन?"

"हॅट्! वजनाचं नाई. गाडी झुकली नाई पायजे. दोन पाटे वाढव."

"वाढवतो ना मामाजी. अजून एक मारू का?"

"मार."

म्हणजे पाहा, एका निजलेल्या बाईसाठी, जिला धक्का बसता कामा नये, त्या गाडीला मामानं असे पाटे बसवले, की त्यावर सिमेंटची पोती रचली असती तरी ते वाकले नसते. पाटे वाकतच नाहीत म्हटल्यावर खड्डा जसाच्या तसा वर जाणार, हे माझ्याही टाळक्यात आलं होतं. मी तसं बोललोही.

"तू विम्याचे फारम भर," मामा म्हणाला.

डब्बा चालवून बघायचा ठरला. जायचं कुठे तर गिरडला, दर्ग्याच्या टेकडीवर. जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला. म्हणजे सगळ्या जातीचे रस्ते लागतील. आणि मामीच्या जागी पलंगावर निजायला मी. माझं आणि मामीचं वजन सारखं पडतं, असं मामानं चारचौघांत जाहीर केलं. मामीनं माझ्यासोबत टमाट्यांची टोपली ठेवली. "तू त खोटं बोलशीन, बाबू, मामाले वाईट नको वाटाले म्हनून," ती म्हणाली. "टमाटे नाई बोलनार."

हिंगणघाटपर्यंत मी पलंगाची कड धरून होतो. त्यापुढे पलंगानं मला धरून ठेवलं असावं. एका पुलाजवळ मी पंख्याला भेटलो. समुद्रपूरच्या पुढे मला माझे लहानपणीचे गुरुजी दिसायला लागले. गिरडला उतरलो तेव्हा दर्ग्यात नवस फेडायला आलेल्या एका बाईनं मला हात धरून सावलीत बसवलं आणि विचारलं, "कवापासून हाये त्रास?"

घरी आल्यावर मामीनं आधी टोपली बघितली. टोपलीत रस्सा होता. मग तिनं मला बघितलं. 

"मी नाई जात यात," ती म्हणाली.

"रस्ता खराब हाये," मामा म्हणाला.

"रस्ता काय आज खराब झाला? पाटे काढा ते."

"गावानं मोजले आता. काढले त लोक का म्हनतीन?"

"लोकाइले निजवा मंग पलंगावर."

मामानं पाटे काढले नाहीत. गादीवर गादी टाकली, तिच्यावर अजून एक. मामी त्या ढिगाकडे बघून म्हणाली, की माहेरी जायला निघालेली बाई आहे, कापसाचा व्यापारी नाही. आणि मामानं मग पाट्यांची जी सेवा सुरू केली, तशी त्यानं मामीची केली असती तर तिची कंबर कधीच गेली नसती, हे मामीचंच म्हणणं. रोज सकाळी गोणपाट अंथरून डब्याखाली. चिंधीनं पाट्यांच्या फटीतली माती काढायची. मग लहान हातोडीनं एकेक पाटा ठोकायचा आणि कान लावायचा.

"ऐक. खन्न म्हनून राह्यला. जिवंत हाये."

मग वरून जळकं ऑइल ओतायचं. त्यावर रस्त्याची धूळ बसायची. मामीची एक पांढरी कोंबडी दुपारची तिथे सावलीला बसायची, ती संध्याकाळी काळी होऊन घरात आली. मामीनं तिला ओळखलं नाही आणि शेजारची म्हणून हाकलून दिली.

एवढं करूनही डब्बा चालला, की पाटे करकरायचे. मामी एकदा अंगणातल्या अंगणात पलंगावर निजून बघत होती, तेव्हा म्हणाली, "अहो, खालून काईतरी बोलून राह्यलं."

"लोखंड हाये. बोलते. तिकडे ध्यान नको देऊ."

"हाव. लग्नापासून मी बोलून राह्यली, तिकडे तरी कोनी ध्यान देल्लं."

पोळा आला. मामाकडे बैल उरले नव्हते. शेवटची जोडी म्हातारी होऊन गेली आणि ट्रॅक्टर आला. पण पोळ्याच्या दिवशी मामाचे हात शिवशिवायचे. शिंगं घासायची, रंगवायची, बेगड लावायची, ही कामं त्यानं जन्मभर केलेली. त्या वर्षी त्यानं सकाळी रंगाचे डबे आणले आणि डब्याखाली सरकला. पाटे रॉकेलनं पुसले आणि त्यांना ऑइलपेंट फासला. एक लाल, एक हिरवा, एक लाल, एक हिरवा. वर बेगड. संध्याकाळी तोरणाखाली गावातल्या बैलजोड्या उभ्या, झुली घातलेल्या, आणि ओळीच्या शेवटी गुणवंतमामा, जीप आणि डब्बा. झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणे मारणारी गाणी, म्हणणाऱ्यांना काय, आयतंच सापडलं. मामाची बायको माहेरी आणि बैल डब्यात, अशी काहीतरी झडती एकानं जागच्या जागी रचली आणि सगळा पोळा हसला. मामानं बाजूला सोडून ठेवलेल्या त्याच्या बैलबंडीखाली वाकून पाहिलं आणि हॅट् म्हणाला.

दसऱ्याला गाडीची पूजा असते. तेव्हा रंग जरा उडाला होता म्हणून अजून एक हात दिला. नीट जाड. आणि एक चमत्कार झाला. पाटे करकरायचे थांबले.

"पाह्यलं?" मामा मामीला म्हणाला. "चूप बसले का नाई?"

"मलेबी रंग फासा मंग," मामी म्हणाली.

त्यानंतर हातोडीनं ठोकलं तर खन्न आवाज येईना. थप् असा यायचा, ओल्या भिंतीवर मारल्यासारखा. मामानं त्याचा अर्थ लावला, की लोखंड आता शांत झालं आहे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आष्टीकडून केशवदादाच्या सुनेचा फोन आला. दादा अंगणात पडले. हाड मोडलं नाही, पण आता खाटेवरून उठत नाहीत, जेवण कमी झालं आहे आणि सारखं विमलचं नाव घेतात. मग तिनं फोन दादाच्या कानाशी धरला. मामी "दादा, दादा" म्हणत राहिली. तिकडून काय आलं ते आम्हाला ऐकू गेलं नाही. मामीनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "यंदा मी जाते. कंबर मोडली त मोडली."

मामा त्या दिवशी जेवायला बसला पण भाकरी तशीच ठेवून उठला. पाटे काढतो असं म्हणाला असता तर किती सोपं होतं. पण ते वाक्य त्याच्या तोंडात कधी घडलंच नव्हतं. तो डब्यात जाऊन गाद्या दाबून बघत बसला.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी निघालो. मामी पलंगावर आडवी, पोटावर ताट, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता, करंज्यांचा डबा. मामा जीप चालवत होता, मी शेजारी. मामा एवढी हळू चालवत होता, की सायकलवाले ओलांडून जात होते आणि वळून बघत होते. आर्वी गेली. खिडकीतून मामीचा आवाज यायचा, "हाये मी अजून." आर्वीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया वेचत होत्या. एका मोरीवर चाक उतरलं आणि खालून कट् असा आवाज आला. डब्बा एका अंगावर कलला, एखादा माणूस काठी निसटल्यावर कलतो तसा.

"हे लोखंड नाई बोललं," मामी आतून म्हणाली. "हे मेलं."

मामा उतरला. दुपट्टा अंथरला, खाली सरकला. बराच वेळ नुसते पाय. मीही वाकलो. मेन पाटा, सगळ्यात वरचा, बोल्टच्या बाजूला तुटला होता. तुटल्या जागी आत गंज चढलेला होता. म्हणजे भेग जुनी होती. तिच्यावरून लाल रंगाचा, त्यावरून अजून लाल रंगाचा गुळगुळीत लेप चढला होता आणि त्याच्यावर बेगड.

मी हॅट् येईल म्हणून थांबलो. आलं नाही.

"लाकडाचा ठोकळा टाकून जाता येते," मामा खालूनच म्हणाला. आवाज बारीक होता. "पन मंग धक्के... सगळे धक्के अंगात जातीन."

"माह्या अंगात," मामी आतून म्हणाली. "बोला ना पूरं. माह्या अंगात."

मामा बाहेर आला. त्याच्या मिशीला रंगाचा एक लाल पोपडा चिकटला होता. 

तेवढ्यात मागून एक छोटी मालवाहू गाडी आली. मोकळ्या कापसानं भरलेली, फळ्यांच्या वर ढीग, त्यावर जाळी. एवढा माल, की तिचे पाटे सपाट होऊन उलटे वाकलेले. अशी गाडी दिसली, की मामा आयुष्यभर रस्त्यात थांबवून तिच्या मालकाची आई-बहीण एक करायचा. आज तो रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. गाडीवाला शेतकरी होता, आष्टीला व्यापाऱ्याकडे माल टाकायला चालला होता.

"काऊन बाप्पा? का झालं?"

"बाई हाये," मामा म्हणाला. "माहेरी न्याची हाये. भाऊबीज हाये. बसता येत नाई तिले."

गाडीवाल्यानं डब्याकडे पाहिलं, कललेल्या चाकाकडे पाहिलं, रंगीत पाट्यांकडे पाहिलं. हसला नाही. त्यानं जाळी सोडली. कापसात मधे हातांनी खोलगट जागा केली. वेचणाऱ्या दोन बाया धावत आल्या, आम्ही सगळ्यांनी मिळून मामीला चादरीसकट उचललं आणि त्या खळग्यात ठेवलं. ती कापसात अशी रुतली, की फक्त तोंड आणि ताट वर राहिलं.

"कसं हाये?" मामानं विचारलं.

मामी हलून बघितल्यासारखं करून म्हणाली, "तुमच्या साऱ्या गाद्याइपेक्षा बरं हाये."

डब्बा सोडवून त्या बायांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुनिंबाखाली लावला. मामानं त्याला कुलूपसुद्धा घातलं नाही. मग त्यानं जीपची किल्ली काढली. ही किल्ली त्यानं जन्मात कोणाच्या हातात दिली नव्हती. माझ्या हातात दिली.

"मागून ये. क्लच हळू सोडजो," म्हणाला आणि कापसावर चढला.

"मामाजी, लोड लय हाये आधीच," गाडीवाला म्हणाला.

"चाल तू."

मी मागून जीप चालवत होतो, म्हणजे जीप मला सहन करत होती. समोर ती कापसाची गाडी. एवढी लादलेली, की एरवी उडाली असती त्या खड्ड्यांतून नुसती झुलत झुलत जात होती, भरल्या पोटाच्या म्हशीसारखी. तरी मामाचा विश्वास नव्हता. तो मामीच्या बाजूला गुडघ्यांवर बसला होता, पाठ माझ्याकडे, दोन्ही हात कोपरापर्यंत कापसात. पुढचा रस्ता मान वळवून बघत होता. खड्डा दिसला, की "धर!" असं ओरडायचा. कोणाला ओरडायचा कोण जाणे, धरायला तोच होता. त्याची पाठ ताठ व्हायची, खांदे वर यायचे, खड्डा गेला की खाली. मला आधी कळेना, हा काय करतो आहे. एका वळणावर कापूस सरकला तेव्हा दिसलं. त्याचे दोन्ही तळहात मामीच्या कंबरेखाली होते. तळेगाव गेलं तरी तसेच. आष्टी आली तरी तसेच. वाऱ्यानं कापूस उडत होता आणि मामाच्या डोक्यावर, मिशीवर बसत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

व्यापाऱ्याकडे न थांबता गाडी थेट केशवदादाच्या अंगणात आली तेव्हा दुपार कलली होती. मामीला खाटेवर घेतलं आणि ती खाट दादाच्या खाटेला लावली. दोन म्हातारी माणसं शेजारी शेजारी आडवी. सुनेनं निरांजन पेटवून ताट मामीच्या हातात दिलं. ती निजल्या निजल्याच ओवाळू लागली. ताट कललं, अक्षता दादाच्या कानात गेल्या. दादानं चाचपडत तिचा चेहरा शोधला, केसांतून हात फिरवला तर हाताला कापूस आला.

"इमल, पिकली का वं तू?" तो म्हणाला.

"कापूस हाये रे दादा," मामी म्हणाली आणि रडली. मी तिला तेव्हाच एकदा रडताना पाहिलं.

मामा आत आला नव्हता. ओट्यावर पायरीला टेकून बसला होता, तळहात वर करून मांडीवर ठेवलेले, भीक मागणाऱ्यासारखे. बोटं मिटत नव्हती, लाल झाली होती, सुजली होती. सून पाणी घेऊन आली तर पेला धरता आला नाही, तिनंच तोंडाला लावला. मग तिनं करंज्या दिल्या. बशी पायरीवर तशीच राहिली. मामा करंज्यांकडे बघत बसला.

त्यानंतरही मामा मला पुष्कळदा भेटला. डब्बा विकला तेव्हा भेटला, आजारी होता तेव्हा भेटला आणि गेला त्याच्या आदल्या पोळ्यालाही भेटला. पण घरी पाहुणे जमले आणि त्याची गोष्ट निघाली, की मी त्या भाऊबीजेच्या ओट्यावरच थांबतो. बायको म्हणते, पुढचं पण सांगा. मी नाही सांगत.

त्या दुपारी ओट्यावर मामा तसाच बसला होता, तेव्हा मामीनं आतून खाटेवरून हाक मारली, तिची खाट ओट्यापर्यंत ओढून आणायला लावली. मामाच्या बाजूला आली. बशीतली करंजी घेतली, मोडली. मामानं नाक वर केलं, मिशी हलली, काहीतरी यायच्या बेतात होतं.

"आ करा," मामी म्हणाली. "आन् खा निस्तं. बोलाचं नाई."